बोर्दोचा कॉन्सुल आणि आमचा सालाझार

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धात निर्वासितांना व्हिसा देणारे पोर्तुगीज अधिकारी आरिस्तिदेस द सोझा मेंदेस यांच्यावरील २०१२ सालच्या चित्रपटाबद्दल रविवारच्या पुरवणीत लेख आला आहे. हा चित्रपट मी थोरल्या बहिणीला सोबत घेऊन पणजीत एका छोटेखानी खेळाला पाहिला होता. लेख मनापासून लिहिलेला आहे, पण वाचताना दोन-तीन ठिकाणी अडखळलो, म्हणून हे पत्र.

लेखकाने त्यांना सरसकट 'राजदूत' म्हटलं आहे. ते फ्रान्समधल्या बोर्दो शहरात कॉन्सुल होते. हा नुसता शब्दच्छल नाही. राजदूत सरकारच्या वतीने बोलतो, मेजवान्यांना जातो. कॉन्सुलच्या टेबलावर पासपोर्टांची चळत, शिक्का आणि नोंदवही असते. मी पस्तीस वर्षं महसूल खात्यात कारकुनी करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे हा माणूस मला आमच्याच जातकुळीतला वाटतो, आणि त्याच्या गोष्टीतली फाईल मला जास्त दिसते.

ती फाईल अशी. नोव्हेंबर १९३९ मध्ये लिस्बनहून 'परिपत्रक क्रमांक १४' निघालं. ज्यांना कुठलं राष्ट्रीयत्व उरलेलं नाही असे लोक, रशियन, मायदेशातून हाकलले गेलेले ज्यू, यांना लिस्बनच्या पूर्वपरवानगीशिवाय व्हिसा द्यायचा नाही. त्याच महिन्यात सोझा मेंदेस यांनी अर्नोल्ड विझनित्झर या ऑस्ट्रियन ज्यू प्राध्यापकाला आधी व्हिसा दिला आणि परवानगी मागाहून मागितली. त्याबद्दल वरून कानउघाडणी झाली. १९४० च्या वसंतात एका स्पॅनिश निर्वासिताच्या बाबतीत पुन्हा तेच घडलं, आणि या वेळी ताकीद लेखी आणि कडक होती. म्हणजे जूनच्या मध्यावर ते तीन दिवस अंथरुणाला खिळले आणि उठले ते एकाएकी साक्षात्कार होऊन, असं जे लेखात आलं आहे ते पुरं खरं नाही. दोन मेमो खिशात असलेला माणूस अंथरुणावर पडून होता. पुढे काय वाढून ठेवलंय हे ज्याला नेमकं ठाऊक आहे, त्याचीच झोप उडते. आमच्या कचेरीत एका चुकीच्या दाखल्यावर सही केल्याबद्दल नोटीस आली तर माणूस आठवडाभर जेवत नसे.

निर्वासितांमधले एक ज्यू धर्मगुरू, राब्बी क्रूगर, यांना कॉन्सुलने त्यांच्या कुटुंबापुरते व्हिसा देऊ केले होते. बाहेर रस्त्यावर आपले लोक पडलेले असताना फक्त स्वतःसाठी ते घेणार नाही, असं क्रूगर म्हणाले. माझ्या मते सगळ्या कथेची कळ या नकारात आहे, आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही. १७ जूनपासून बोर्दोत, मग बायोनमध्ये आणि शेवटी स्पेनलगतच्या आंदायच्या सीमेवर सह्या चालू राहिल्या. वेळ वाचावा म्हणून सही नुसती 'मेंदेस' एवढीच, फी माफ.

आता आकड्याचं. 'एकट्याने तीस हजार ज्यूंना वाचवलं' असं छापलं आहे. प्रचलित दावासुद्धा तीस हजार व्हिसा आणि त्यांपैकी दहा हजार ज्यू असा आहे, आणि तोही वादग्रस्त आहे. अव्राहम मिल्ग्राम या इतिहाससंशोधकाने बोर्दोची नोंदवही मोजली, तेव्हा १ जानेवारी ते २२ जून १९४० या काळातले २,८६२ व्हिसा निघाले. त्यांतले १,५७५ शेवटच्या बारा दिवसांतले. एका पासपोर्टवर अख्खं कुटुंब जाई आणि त्या धांदलीत प्रत्येक सही वहीत चढली असेल असंही नाही, हे मान्य. तरी फुगवलेल्या आकड्याने या माणसाची उंची वाढते असं मला वाटत नाही. बारा दिवसांत दीड हजार नोंदी म्हणजे काय, हे ज्याने हाताने रजिस्टर लिहिलंय त्याला विचारा.

चित्रपटात मला जास्त जागा हवी होती ती यानंतरच्या चौदा वर्षांना. चौकशी समितीने पदावनती सुचवली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याला ती शिक्षा पुरेशी वाटली नाही. त्याने वर्षभर अर्ध्या पगारावर बिनकामाचं बसवून पुढे सक्तीची निवृत्ती दिली. चौदा मुलांचा बाप लिस्बनमध्ये ज्यू समाजाच्या अन्नछत्रात जेवला, कर्जापायी गावचं घर गेलं आणि ३ एप्रिल १९५४ रोजी तो वारला. पोर्तुगालच्या संसदेने त्याला निर्दोष ठरवलं ते १९८८ साली.

पडद्यावर सालाझारचं नाव आलं तशी शेजारी बसलेली माझी बहीण खुर्चीत सरळ झाली. ती पोर्तुगीज प्राथमिक शाळेत 'सेगुंद ग्राव' या वरच्या टप्प्यापर्यंत शिकलेली, आणि त्या माणसाचा फोटो तिच्या वर्गात भिंतीवर होता. लेखात सालाझार हा 'युरोपातला एक हुकूमशहा' म्हणून एका ओळीत उरकला आहे. गोव्यातल्या वाचकासाठी लिहिताना हे कसं चालेल? आमच्या आई-वडिलांच्या लग्नाची पत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरकडे गेली होती. गोवा मुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगात होते, ते १९६९ पर्यंत.

आणि हुकूम मोडणारा दुसरा पोर्तुगीज अधिकारी तर आपल्याच इतिहासात आहे. डिसेंबर १९६१ मध्ये सालाझारने गोव्यातले पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना शरणागती पत्करायची नाही, शेवटच्या माणसापर्यंत लढायचं, असं कळवलं होतं. १९ डिसेंबरला त्यांनी शरणागती पत्करली. मायदेशी गेल्यावर त्यांना सैन्यातून काढून टाकलं आणि १९७४ च्या क्रांतीनंतर परत घेतलं. वासालो यांनी गोवेकरांवर उपकार केले असं मी म्हणणार नाही. राज्य त्यांचं होतं आणि आमची माणसं त्यांच्याच कोठडीत होती. पण सोझा मेंदेसबद्दल लिहिताना हे नाव आठवायला हरकत नव्हती.

जमल्यास आकड्याची दुरुस्ती छापावी. आणि असे खेळ ठेवणाऱ्यांना एक विनंती: उपशीर्षकं मराठीतूनही द्या. त्या दिवशी संवाद समजणारी बहुधा माझी बहीणच एकटी होती. निम्म्या सभागृहाला ती हळू आवाजात सांगत होती आणि उरलेले निम्मे तिला गप्प करत होते.

आपला,
एक निवृत्त हेडक्लार्क, फोंडा