मधुमेहाचे प्रकार सापडले की पाडले?

संपादक महाशय,

मधुमेहाचे दोन नव्हे तर पाच प्रकार आहेत आणि ते संगणकाने शोधून काढले, अशा आशयाचा मजकूर अधूनमधून वाचनात येतो. संख्याशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे ‘शोधून काढले’ या शब्दांपाशी मी थबकतो.

या दाव्याचे मूळ स्वीडनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आहे. तेथे नव्याने निदान झालेल्या ८,९८० रुग्णांचे निदानाच्या वेळचे वय, बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या तुलनेत वजन), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी पातळी) अशा सहा निकषांवर क्लस्टरिंग, म्हणजे संगणकाद्वारे गटवारी, केले गेले. या पद्धतीत कोण कोणत्या गटातला हे संगणकाला आधी सांगितलेले नसते. ज्यांची मोजमापे एकमेकांच्या जवळची, त्यांना तो एकत्र आणतो. मात्र कोणती मोजमापे घ्यायची हे माणूसच ठरवतो आणि गट किती करायचे, याचा अंतिम निर्णयही त्याचाच असतो. कणकेच्या एका गोळ्याचे पाच भाग करायला सांगितले तर पाच भाग होतातच. तेवढ्यावरून कणीक पाच प्रकारची होती असे ठरत नाही. स्वीडिश संशोधकांनी आपले गट इतर रुग्णसमूहांवरही पडताळले आणि मूत्रपिंडाच्या व डोळ्यांच्या विकारांचा धोका गटागटांत वेगळा असल्याचे दाखवले, ही त्यांची जमेची बाजू. परंतु २०१९ मध्ये इंग्लंडमधील एक्सिटर येथील संशोधकांनी दाखवून दिले, की आजार पुढे कसा वाढेल याचा अंदाज वय किंवा मूत्रपिंडाची कार्यक्षमता अशा साध्या मोजमापांवरूनही तितकाच चांगला बांधता येतो. त्याची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही.

भारतात टाइप २ मधुमेहाच्या १९,०८४ रुग्णांवर २०२० मध्ये असाच अभ्यास झाला, तेव्हा आठ निकष घेतले गेले आणि चार गट निघाले. त्यांतले दोन स्वीडनच्या गटांशी जुळणारे नव्हते. निकष बदलले, माणसे बदलली आणि गटही बदलले.

तरीही ही पद्धत टाकाऊ आहे असे मला म्हणायचे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि स्वीडिश सहकाऱ्यांनी पंचेचाळिशीच्या आत टाइप २ मधुमेह झालेल्या रुग्णांचे असे वर्गीकरण केले, तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्ण इन्सुलिनची तीव्र कमतरता असलेल्या गटात आले. भारतीयांचा मधुमेह म्हणजे प्रामुख्याने सुटलेले पोट आणि इन्सुलिनला दाद न देणारे शरीर, या रूढ समजुतीला त्यामुळे धक्का बसला. माझ्या मते या साऱ्या खटाटोपाचे सार्थक येथे आहे. परंतु शरीरात इन्सुलिन किती तयार होते हे सी-पेप्टाइडच्या तपासणीवरून कळते आणि ती नेहमीच्या तपासण्यांत धरलेली नसते. मग रुग्णाने आपला गट ओळखावा तरी कसा?

म्हणून विनंती एवढीच, की अशा संशोधनाची बातमी देताना निकष कोणते घेतले, गटांची संख्या कशी ठरवली आणि तेच गट दुसऱ्या रुग्णसमूहातही आढळले का, या तीन गोष्टी आपल्या वार्ताहरांनी आवर्जून नमूद कराव्यात.

आपला,
संख्याशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, सातारा