कुकच्या सफरीत तुपायाचं नाव का नाही?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या एंडेव्हर जहाजाच्या सफरीवर (1768 ते 1771) मोठा लेख आलाय, मॅपबिप टाकून छान छापलाय, पण अख्ख्या लेखात तुपाया हे नाव एकदाही नाही, आणि ते मला अजिबात पटलं नाही म्हणून हे पत्र लिहितेय.

तुपाया मूळचा दक्षिण पॅसिफिक महासागरातल्या रायातेआ बेटाचा. पुजारी होता आणि समुद्रावर वाट काढायची पिढ्यान्पिढ्या चालत आलेली विद्या शिकलेला होता. जवळच्या बोराबोरा बेटाच्या लोकांनी त्याचं बेट जिंकलं तेव्हा तो जखमी होऊन ताहिती बेटावर पळाला, आणि 1769 मध्ये शुक्राचं अधिक्रमण (शुक्र सूर्याच्या समोरून सरकतो ते) बघायला कुक तिथे आला, तो निघाला तेव्हा हा त्याच्या जहाजावर चढला. कुकला तो आधी नकोच होता, जोसेफ बँक्स या श्रीमंत निसर्ग अभ्यासकाने त्याला आपल्या जबाबदारीवर घेतलं. आणि बँक्सने आपल्या डायरीत काय लिहिलंय तर माझे शेजारी हौस म्हणून सिंह-वाघ पाळतात, मग मी हा माणूस ठेवला तर काय बिघडलं, शिवाय खर्चही कमीच. हे वाचून मला खूप राग येतो, कारण ज्याच्याबद्दल हे लिहिलंय तो त्या जहाजावरचा त्या समुद्रातला सगळ्यात जाणकार माणूस होता.

त्याने कुकच्या लोकांना ताहितीच्या आजूबाजूच्या बेटांचा नकाशा करून दिला, त्यात 74 बेटं आहेत! त्यातली बरीचशी तोवर कुठल्याही युरोपियनने पाहिलेली नव्हती. बरीच वर्षं अभ्यासकांना तो नकाशा चुकीचा वाटायचा कारण ते तो युरोपियन पद्धतीने, वर उत्तर धरून वाचत होते. आणि जहाज कुठेही असो, ताहिती कुठल्या बाजूला आहे हे तुपाया बोट दाखवून सांगायचा असं त्या वेळच्या लोकांनी नोंदवून ठेवलंय. तुपायाच्या लोकांची पद्धत म्हणजे कुठला तारा क्षितिजावर नेमका कुठे उगवतो-मावळतो हे तोंडपाठ, लाटा कुठून येतायत ते नावेच्या हलण्यावरून कळायचं, संध्याकाळी पक्षी कुठे परत निघालेत त्यावरून जमिनीचा अंदाज. कागदावर काही नाही, सगळं डोक्यात.

न्यूझीलंडचंच बघा. 1642 मध्ये डच दर्यावर्दी टास्मान तिथे गेला तर त्याची चार माणसं मारली गेली आणि तो किनाऱ्यावर पाय न ठेवताच निघून गेला. 1769 मध्ये कुक पोचला तेव्हाही सुरुवातीला रक्त सांडलंच, माओरी म्हणजे तिथली मूळ माणसं गोळीने मेली, पण तुपाया बोलायला लागला आणि त्यांना त्याचं बोलणं समजलं, कारण दोन्ही भाषा एकाच कुळातल्या. हजारो किलोमीटर समुद्र मधे असून! पुढची बोलणी, अन्नपाणी मिळवणं, यातलं कितीतरी त्याच्यामुळे झालं, पण लेखात ते सगळं कुकच्या मुत्सद्दीपणावर टाकलंय.

तो चित्रंही काढायचा. एका चित्रात माओरी माणूस मोठी शेवंड पुढे करतोय आणि समोर कोट-टोपीतला बँक्स, सौदा चाललाय. हे कुणी काढलंय ते 1997 पर्यंत कुणाला माहीत नव्हतं, मग बँक्सच्याच एका जुन्या पत्रावरून कळलं की हे तुपायाचं आहे.

1770 च्या अखेरीस तो बटाव्हियात (आजचं जकार्ता) आजारी पडून गेला. कुकने त्याच्याबद्दल हुशार पण गर्विष्ठ आणि हट्टी असं लिहिलं. त्याआधी त्याच वर्षी कुकने ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा ब्रिटिश राजाच्या नावाने जाहीर करून टाकला होता, तिथल्या लोकांना न विचारता, आणि 1788 मध्ये तिथे वसाहत झाली. साम्राज्याने नकाशे ठेवले, माहिती देणाऱ्यांची नावं मागे पडली. इतकी मागे पडली की पुढे 20 व्या शतकात पॅसिफिकमधली ही बेटं माणसांनी ठरवून वसवलीच नाहीत, वाहत जाऊन योगायोगाने सापडली, असंही काही जण ठामपणे म्हणायला लागले. शेवटी 1976 मध्ये मायक्रोनेशियातल्या (पश्चिम पॅसिफिक) सातावाल बेटाच्या माउ पियाइलुगने होकुलेआ ही दुहेरी नाव होकायंत्र वगैरे काहीही न वापरता हवाईहून ताहितीला नेऊन दाखवली.

पुढच्या रविवारी कुकच्या दुसऱ्या सफरीचा भाग येणार असं लेखाखाली लिहिलंय. 1773 मध्ये कुक न्यूझीलंडला परत गेला तेव्हा माओरी लोक तुपाया कुठे आहे असं विचारत होते, तो गेल्याचं ऐकून त्यांना वाईट वाटलं. निदान एवढं तरी त्या भागात नक्की छापा, आणि मॅप टाकणार असाल तर सोबत तुपायाचा नकाशाही टाका.

आपली एक नियमित वाचक