परळच्या कॅन्सर रुग्णांच्या झोपेसाठी खुर्च्या, वह्या आणि फोन करणारी माणसे हवीत

परळ, दादर, शिवडी भागात टाटा रुग्णालयात उपचार घेणारे बाहेरगावचे रुग्ण महिनोन्महिने धर्मशाळेत किंवा भाड्याच्या खोलीत राहतात. जेवणाची, औषधांची सोय कुठून ना कुठून होते. झोपेचे मात्र कोणी विचारत नाही. रुग्णही डॉक्टरांना सांगत नाहीत, कारण एवढ्या मोठ्या आजारात झोप उडायचीच, असे सगळे धरून चालतात. तसे धरून चालू नये. या निद्रानाशावर उपाय आहे आणि तो गोळीवाचून होतो. आम्ही या रुग्णांना तो देतो आणि त्यासाठीच तुमची मदत मागतो आहोत.

झोप का जाते? केमोबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, त्याने त्या दिवसांत डोळा लागत नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या हार्मोनच्या गोळ्यांनी रात्री अंगातून वाफा येतात. दुखणे आणि काळजी असतेच. मग थकलेला माणूस दिवसा पडून राहतो, त्यामुळे रात्री जागतो आणि दुसऱ्या दिवशी आणखी लवकर अंथरुणाला टेकतो. केमो संपली तरी ही सवय सुटत नाही.

ती मोडणाऱ्या, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलणाऱ्या वर्तनोपचाराला डॉक्टर सीबीटी-आय म्हणतात. प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर आधी हाच उपचार द्यावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली केली. साधारण ६ ते ८ भेटींचे काम असते. आधी १ ते २ आठवडे वही लिहायची : अंथरुणाला कधी टेकलो, अंदाजे किती झोपलो, कधी उठलो. समजा रात्री ९ ते सकाळी ७ असे १० तास अंथरुणात गेले आणि झोप ६ तासच झाली, तर हिशेब ६० टक्के, म्हणजे अंथरुणातल्या वेळेपैकी एवढीच झोप. अशा रुग्णाने रात्री ११.३० ला आडवे व्हायचे आणि ५.३० ला उठायचेच, रात्र कशीही गेली तरी. आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांवर गेली की १५ मिनिटे लवकर झोपायचे. ८० च्या खाली राहिली तर अंथरुणातली १५ मिनिटे कमी करायची, पण साडेपाच तासांच्या खाली आम्ही कोणालाही नेत नाही. झोप येत नसेल तर अंदाजे २० मिनिटांनी अंथरूण सोडून मंद उजेडात बसायचे, पेंग आली की परत यायचे. घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवायचे.

इथेच गाडी अडते. धर्मशाळेच्या खोलीत खाट सोडून बसायला जागाच नसते! रुग्ण खाटेवरच जेवतो, खाटेवरच मोबाइल बघतो आणि रात्री खाटेवरच तळमळतो. दुसरी अडचण पहिल्या दोन आठवड्यांची. त्या काळात दिवसाची मरगळ वाढते, नातेवाईक मायेने ‘पडून राहा’ म्हणतात आणि रुग्ण सगळे सोडून देतो. त्या पंधरवड्यात कोणी फोन करून वहीचा हिशेब मांडला आणि हे अपेक्षितच आहे असे सांगितले, तर तो टिकतो.

थकव्याचे आम्ही वेगळे विचारतो : ० ते १० मध्ये किती? ४ किंवा जास्त असेल तर आधी डॉक्टर, कारण हिमोग्लोबिन, थायरॉइड, दुखणे किंवा नैराश्य मुळाशी असू शकते. त्यानंतर चालणे : सुरुवातीला १० मिनिटे दोनदा, हळूहळू रोज ३० मिनिटांपर्यंत. दुपारची डुलकी एकच, ३ च्या आत, गजर लावून, अर्ध्या तासापेक्षा कमी. हाडांत आजार पसरला असेल किंवा प्लेटलेट कमी असतील तर विचारल्याशिवाय व्यायाम नाही. केमोनंतर ताप १००.४ अंशांवर गेला तर चालणे वगैरे बाजूला ठेवून थेट रुग्णालय.

फिट येणाऱ्या किंवा बायपोलर आजार असलेल्या रुग्णांना झोपेचे तास कमी करण्याचा भाग आम्ही देत नाही. घोरताना श्वास अडकत असेल तर आधी तपासणी. झोपेची गोळी चालू असेल तर ती अचानक बंद करायची नाही, डॉक्टरच कमी करतील. स्टेरॉइडची गोळी सकाळी घेतली तर चालेल का, हेही त्यांनाच विचारायचे.

आम्हाला हवे आहे ते असे. पाठ टेकता येईल अशा घडीच्या ४० खुर्च्या. मंद उजेडाचे, चार्जिंगचे ४० छोटे दिवे. गजराची साधी घड्याळे, म्हणजे मोबाइल उशाशी राहणार नाही. कानात घालायचे बोळे आणि डोळ्यांवरच्या पट्ट्या, कारण एका खोलीत तीन-चार कुटुंबे असतात. झोपेच्या वहीच्या ५०० छापील प्रती मराठी, हिंदी आणि बंगालीत. छापखाना असलेल्यांनी कागदासह उचलले तर फार बरे.

माणसेही हवीत. आठवड्यातून एकदा १५ मिनिटे फोन करणारे स्वयंसेवक, निदान दोन महिने न चुकता. प्रशिक्षण आम्ही देऊ. सल्ला मानसोपचारतज्ज्ञच देतील, तुम्ही हिशेब मांडायचा आणि ऐकायचे. भोजपुरी किंवा बंगाली येत असेल तर आधी तुम्हीच या. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टांनी महिन्यातून एक दुपार दिली तरी चालेल. पैसे देणाऱ्यांचा निधी या सायकॉलॉजिस्टांच्या मानधनाला आणि वह्यांच्या छपाईला जाईल; पावती मिळेल.

झोपेच्या गोळ्या, काढे, चूर्णे आणि वापरलेल्या गाद्या मात्र कृपया आणू नका. केमो चालू असताना औषधांची सरमिसळ धोक्याची असते आणि जुन्या गाद्यांतून संसर्गाची भीती. वस्तू कार्यालयात आणण्याआधी फोन करा, म्हणजे कोणत्या धर्मशाळेत काय कमी आहे ते पाहून थेट तिथेच पोचवता येईल.