नियम जागा रिकामी होण्याआधी ठरावा

महोदय,

निवडणूक तोंडावर असताना सर्वोच्च न्यायालयातील रिकामी जागा भरावी की नाही, हा अमेरिकेतला वाद आपल्यालाही विचार करायला लावणारा आहे, म्हणून हे पत्र.

न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया 13 फेब्रुवारी 2016 रोजी निवर्तले, तेव्हा मतदानाला जवळजवळ नऊ महिने होते. डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष ओबामा यांनी मार्चमध्ये मेरिक गार्लंड यांचे नाव सुचवले. परंतु आधी जनतेने कौल द्यावा, असे सांगून सिनेटमधील, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहातील, रिपब्लिकन बहुमताचे नेते मिच मॅकॉनेल यांनी त्या नावावर सुनावणीसुद्धा होऊ दिली नाही. पुढे 2020 मध्ये न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग 18 सप्टेंबरला गेल्या आणि त्याच नेत्यांच्या सिनेटने एमी कोनी बॅरेट यांना 26 ऑक्टोबरला, म्हणजे मतदान आठ दिवसांवर आलेले असताना, 52 विरुद्ध 48 मतांनी संमती दिली. या वेळी अध्यक्ष आणि सिनेट एकाच पक्षाचे आहेत, हा त्यांचा खुलासा मला पटला नाही. पण डेमोक्रॅटिक पक्षानेही दोन्ही वेळा आपापल्या सोयीची बाजू घेतली, हेही नमूद केले पाहिजे. तिथल्या राज्यघटनेत सिनेटच्या सल्ल्याने व संमतीने नेमणूक करावी एवढेच आहे. त्यासाठी मुदत नाही आणि निवडणूक वर्षाचा अपवादही नाही.

जागा रिकामी राहण्याची किंमत पक्षकार मोजतो. जून 2016 मध्ये स्थलांतरितांच्या महत्त्वाच्या खटल्यात आठ न्यायमूर्ती चार-चार असे विभागले गेले, खालच्या न्यायालयाचा आदेश आपोआप कायम राहिला आणि लाखो कुटुंबांना कारणमीमांसा असलेला निकालच मिळाला नाही. जिल्हा पातळीवर वकिली करताना ‘कोर्ट रिकामे आहे, पुढची तारीख घ्या’ हे वृद्ध पक्षकारांना सांगण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली आहे, त्यामुळे मला हे दुरून पाहता येत नाही.

तिथे न्यायमूर्तींची नेमणूक तहहयात असते, म्हणून कोणती जागा केव्हा रिकामी होईल हे कोणालाच सांगता येत नाही. आपल्याकडे न्यायमूर्ती 65 व्या वर्षी निवृत्त होतात आणि ती तारीख शपथविधीच्या दिवशीच ठाऊक असते; म्हणजे उशिराला सबब उरत नाही. तरीही न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या नावाची शिफारस जानेवारी 2018 मध्ये होऊन त्यांची नेमणूक ऑगस्टमध्ये झाली, कारण मधल्या काळात सरकारने ती फेरविचारासाठी परत पाठवली होती. उलट 2019 मध्ये लोकसभेचे मतदान सुरू असतानाच न्यायवृंदाने, म्हणजे नेमणुकांसाठी नावे सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाने, भूषण गवई आणि सूर्य कांत यांची नावे पाठवली, आणि निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, 24 मे रोजी, त्यांच्यासह चौघांनी शपथ घेतली. निवडणुकीने काहीही अडले नाही.

उच्च न्यायालयांसाठी शिफारस पुन्हा पाठवली गेल्यास तीन-चार आठवड्यांत नेमणूक व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये म्हटले होते. तशीच मुदत सर्वोच्च न्यायालयातील नेमणुकांसाठीही, निवडणूक असो वा नसो, कायद्याने बांधून घ्यावी आणि शिफारस परत पाठवायची असल्यास त्याची कारणे त्याच मुदतीत जाहीर करावीत. पुण्यातील वकिलांच्या संघटनांनी तसा ठराव करून तो आपल्या खासदारांकडे द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक निवृत्त वकील, सदाशिव पेठ, पुणे