त्या वहीचं काय झालं?

मा. मंत्रिमहोदय तथा पक्षाचे सरचिटणीस यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र मंत्र्याला कमी आणि सरचिटणिसाला जास्त आहे. दोन्ही खुर्च्या तुमच्याकडेच असल्याने पाकीट एकच. खुलं लिहिण्याचं कारण साधं आहे. आधीची दोन पत्रं बंद पाकिटातून पाठवली होती. पोच मिळाली, उत्तर नाही.

निकालाच्या संध्याकाळी तुम्ही म्हणालात, 'आमचा मतदार उत्साहाने बाहेर पडला नाही.' त्यानंतर पक्षाचा कायापालट करण्यासाठी समिती नेमलीत. नवं बोधवाक्य येणार, चिंतन शिबिर होणार, व्यासपीठावर पहिल्या रांगेत तरुण चेहरे बसणार, असं ऐकतो. या समितीत आयुष्यात एकदा तरी मतदारयादी घेऊन जिना चढलेला कोणी आहे का, हे मी विचारलं. कोणालाच सांगता आलं नाही.

मी सोळा वर्षं पक्षात आहे. पद मिळालं नाही, मागितलंही नाही. माझ्याकडे असतात ती यादीची पानं आणि एक पेन्सिल. नावापुढे बरोबरची खूण म्हणजे आपला, फुली म्हणजे त्यांचा, गोल म्हणजे कुंपणावरचा. या वेळी गोल फारसे नव्हते. फुल्याही वाढल्या नव्हत्या. वाढली ती चौथी खूण, आडवी रेघ. म्हणजे माणूस आपलाच, पण मतदानाला उतरणार नाही.

त्यातली एक रेघ सांगतो. तिसऱ्या मजल्यावर एका बाईंनी साखळी न काढताच दार उघडलं. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. पत्रक घ्यायला हात पुढे आला नाही. म्हणाल्या, 'मागच्या वेळी तुम्हीच आला होतात. बसथांबा पलीकडे नेला, यांना हमरस्ता ओलांडून जावं लागतं, हे तुम्ही एका वहीत लिहून घेतलं होतंत. त्या वहीचं काय झालं?'

मला उत्तर माहीत होतं. निवडणूक झाल्यावर सगळ्या वह्या पक्ष कार्यालयात जमा झाल्या. पुढे दीडेक वर्षाने एका बैठकीला गेलो, तेव्हा प्रोजेक्टर नीट दिसावा म्हणून त्याच्याखाली त्यांचाच गठ्ठा सरकवलेला होता. वरच्या वहीवर माझं अक्षर होतं. बैठक कशाबद्दल होती ते आता आठवत नाही. बाईंना मी म्हणालो, 'पाठपुरावा चालू आहे.' त्या 'बरं' म्हणाल्या आणि दार लावलं. मी जिन्यात उभ्या उभ्या रेघ मारली.

उत्साह कमी पडला तो इथे, मंत्रिमहोदय. जाहिरातीत नव्हे.

घरभेटीला जुनाट समजणाऱ्या तुमच्या सल्लागारांसाठी एक गोष्ट. १९९८ साली अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन या राज्यशास्त्रज्ञांनी सुमारे ३० हजार मतदारांवर प्रयोग केला. कोणाच्या दारी माणूस पाठवायचा, कोणाला टपालाने पत्रक, कोणाला फोन आणि कोणाला काहीच नाही, हे सोडत काढावी तसं ठरवलं. प्रचार कुठल्याच पक्षाचा नव्हता, फक्त 'मतदान करा' एवढंच सांगायचं होतं. ज्यांच्याशी समोरासमोर बोलणं झालं त्यांच्यात मतदान जवळपास ९ टक्केबिंदूंनी वाढलं. पत्रकांनी किंचित वाढलं, फोनने काहीच फरक पडला नाही.

पुढे मिशिगनमध्ये २००६ साली याच दोघांनी क्रिस्टोफर लॅरिमर यांच्यासह आणखी एक प्रयोग केला. तुमच्या आळीत कोणी मतदान केलं आणि कोणी नाही याची यादी टपालाने घरी पाठवायची आणि निवडणुकीनंतर पुन्हा पाठवू असं बजावायचं. मतदान ८ बिंदूंनी वाढलं. वॉररूममध्ये कोणाला ही कल्पना सुचण्याआधीच सांगून ठेवतो, त्या वाटेला जाऊ नका. लाजेने माणूस रांगेत उभा राहील, पण चीड पक्षाच्या नावावर जमा होईल.

आता खरी अडचण. दारात जायला माणसंच उरलेली नाहीत. रोजंदारीवर आणलेली मुलं पत्रक कडीत खोचून पुढच्या दाराकडे वळतात. त्यांना दोष देत नाही, त्यांना पत्रकांच्या संख्येवर पैसे मिळतात. पण आमच्यासारखे बिनपैशाचे का आटले? आमच्या मतदारसंघातला उमेदवार कोण, हे मला विरोधी पक्षातल्या मित्राकडून कळलं. आपले उमेदवार नऊ दिवसांपूर्वीपर्यंत त्याच्याच पक्षात होते. त्यांच्याविरुद्ध आम्ही वाटलेली जुनी पत्रकं अजून माझ्या माळ्यावर आहेत. अशा माणसासाठी मी बाईंच्या दारात काय तोंडाने उभा राहणार होतो? सतरंज्या आम्ही उचलतो, त्याचं काही वाटत नाही. बैठकीत आपल्याला कोणी काही विचारणारच नाही हे कळल्यावर मात्र सतरंजी जड होते.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ मध्येच लिहून ठेवलंय की संघटना म्हटली की सूत्रं मूठभरांच्या हाती जाणारच. त्यांच्यासमोर उदाहरण होतं समतेचा झेंडा मिरवणाऱ्या जर्मन सोशल डेमोक्रॅट पक्षाचं. गंमत अशी की त्याच पक्षाने २०१८ मध्ये आघाडी सरकारात जायचं की नाही, हा प्रश्न सदस्यांच्या मतदानावर सोडला. ६६ टक्क्यांनी हो म्हटलं, म्हणजे मत देणाऱ्यांपैकी एक तृतीयांश विरोधात गेले. तरी पक्ष फुटला नाही. तिथे संसदेसाठी मतदारसंघातला उमेदवारही सदस्यांच्या किंवा त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या गुप्त मतदानाने ठरतो. कायदाच तसा आहे. आपल्याकडे तो ठरतो तुमच्या बंगल्यावर, रात्री उशिरा.

नेतृत्व बदललं की सगळं बदलतं, असं तुमचे निकटवर्ती ब्रिटनच्या मजूर पक्षाकडे बोट दाखवून सांगतात. दाखला अर्धाच आहे. १९९५ मध्ये पक्षाचे नेते टोनी ब्लेअर यांनी पक्षाच्या घटनेतलं, उद्योगांच्या सामाईक मालकीचं जुनं चौथं कलम बदलून घेतलं. १९५९ मध्ये तेव्हाचे नेते ह्यू गेट्स्केल यांना ते जमलं नव्हतं. १९९७ ला ४१८ जागा आल्या. इथपर्यंत सगळे सांगतात. पण २००१ मध्ये पक्ष पुन्हा प्रचंड बहुमताने जिंकला तेव्हा देशातलं मतदान ७१ वरून ५९ टक्क्यांवर आलं होतं. १९९७ मध्ये चार लाखांच्या घरात असलेली सदस्यसंख्या दहा वर्षांत निम्म्याहून खाली गेली. जिंकतानाही पक्ष आतून रिकामा होत असतो, हे तुमच्या पहिल्या विजयानंतर आम्हालाही दिसत होतं. सांगायला गेलो तेव्हा हार आणलाय का, असं विचारलं गेलं.

कॅनडातला लिबरल पक्ष २०११ मध्ये ३४ जागांवर आला. त्यांनी नेता निवडण्याचं दार सदस्य नसलेल्या समर्थकांनाही उघडलं आणि २०१३ मध्ये लाखाहून अधिक लोकांनी त्यात मत दिलं. २०१५ मध्ये १८४ जागा आल्या. ही एकच कळ होती असं मी म्हणणार नाही. फ्रान्सच्या समाजवादी पक्षाने २०११ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराची अशीच खुली निवड घेतली, पुढच्या वर्षी त्यांचे फ्रांस्वा ओलांद राष्ट्राध्यक्ष झाले. २०१७ मध्ये तशीच निवड घेतली आणि पक्षाच्या उमेदवाराला पहिल्या फेरीत साडेसहा टक्केही मतं पडली नाहीत. पाच वर्षांच्या सरकारने समर्थक नाराज केले असतील तर मतपेटी दारात ठेवून भागत नाही.

म्हणून माझी मागणी समितीच्या यादीपेक्षा छोटी आहे. पुढचा उमेदवार वॉर्डातल्या सदस्यांच्या गुप्त मतदानाने ठरू द्या. मतदानाचा हक्क किमान वर्षभर जुन्या सदस्यालाच द्या, नाहीतर आदल्या महिन्यात गठ्ठ्याने सदस्यनोंदणी होईल आणि पावत्या कोणाच्या खिशातून फाडल्या गेल्या ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. यात तुमच्या मर्जीतला माणूस पडेल कधीतरी. आम्हालाही न आवडणारा निवडून येईल. पण तो आम्ही निवडलेला असेल, आणि त्याच्यासाठी मी चौथा मजलाही चढेन.

दुसरं, वहीतल्या प्रत्येक नोंदीला उत्तर द्या. काम होणार नसेल तर 'होणार नाही, कारण हे' असं लिहा. लोक नकार ऐकून घेतात हे मी दारोदार पाहिलं आहे. ऐकून घेत नाहीत ते 'पाठपुरावा चालू आहे'.

बसथांब्याचं खातं तुमचं नाही, याची मला कल्पना आहे. ज्यांचं आहे ते मंत्रिमंडळ बैठकीत तुमच्याजवळच बसतात. थांबा मागे येत नसेल तर तसं दोन ओळीत कळवा. पत्र बाईंच्या नावे नको, माझ्या नावे पाठवा. मी स्वतः नेऊन देईन, मतदान नसताना.

आणि कार्यालयात कोणाला तरी सांगून प्रोजेक्टरखाली दुसरं काहीतरी ठेवायला लावा. वह्या मी येऊन घेऊन जातो.

आपला,
एक प्राथमिक सदस्य