स्पीतीला मनालीकडून चढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत इंदूरहून स्वतःच्या गाडीने हिमाचलातल्या स्पीतीला आठ दिवसांत जाऊन येण्याचा बेत छापून आला आहे. फोटो देखणे आहेत, खाण्यापिण्याची माहितीही बरी आहे. पण चंडीगढ, मनाली, कुंझूम, काझा आणि परतताना किन्नौर, शिमला हा क्रम उलटा आहे. दसऱ्याच्या सुटीत एमपी ०९ च्या, म्हणजे आपल्या इंदूरच्या, बऱ्याच गाड्या तिकडे निघतील, म्हणून लगेच लिहीत आहे.

मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे. तिथून सकाळी निघालेला माणूस अटल बोगद्यातून पलीकडे जातो, दुपारी ४,५५१ मीटरच्या कुंझूम खिंडीत पोचतो आणि रात्री काझ्यात सुमारे ३,६५० मीटरवर झोपतो. मुक्कामाची उंची एका दिवसात सोळाशे मीटरने वाढली. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नसावा आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावे, असा डॉक्टरांचा सर्वमान्य नियम आहे. आपले इंदूर ५५० मीटरवर. मनालीकडून गेलेल्यांची काझ्यातली पहिली रात्र डोके धरून आणि ओकाऱ्या काढत जाते, त्याचे कारण एवढेच. दोष बहुतेक वेळा आदल्या रात्रीच्या जेवणाला दिला जातो.

शिमल्याकडून गेले की चढ आपोआप पायरीपायरीने होतो. नारकंडा २,७००, कल्पा २,९६०, ताबो ३,२८०, मग काझा. वाटेत नाको लागते, पण ते ३,६०० च्या वर आहे. तिथे तळ्याकाठी जेवावे आणि झोपायला खाली ताबोला जावे. ताबोचा गोम्पा (बौद्ध मठ) इ. स. ९९६ चा आहे, तेव्हा मुक्काम वायाही जात नाही. काझ्यात दोन रात्री काढाव्यात. मधल्या दिवशी लांग्झा, हिक्किम, कोमिक ही आणखी उंचावरची गावे करून संध्याकाळी परत खाली यावे. दिवसा उंच जाणे आणि रात्री खाली झोपणे शरीराला मानवते. चंद्रताल सरोवराजवळचा मुक्काम (सुमारे ४,२५० मीटर) त्यानंतरच. या हिशेबाने इंदूर ते इंदूर बारा दिवस लागतात. आठ दिवसच असतील तर कल्पा आणि सांगला करून परत यावे, तेही काही कमी नाही.

उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगावे. पहिल्या रात्री दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. कापराची पुरचुंडी हुंगल्याने नाक मोकळे वाटते, रक्तातला प्राणवायू वाढत नाही. ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो. बसल्याजागी धाप लागली, माणूस सरळ रेषेत चालेना किंवा असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरवणे हाच उपाय.

आता गाडी. आपल्याकडे मुंबई रस्त्यावरच्या गणपती घाटात ट्रकचे ब्रेक कसे जातात हे प्रत्येक इंदूरकराला ठाऊक आहे. नारकंड्याहून सतलजपर्यंतचा उतार त्याच्या कैक पट आहे: तीस-पस्तीस किलोमीटरमध्ये दीड हजार मीटरहून जास्त. जळक्या लायनरचा वास आपल्या गाड्यांना पहिल्यांदा इथेच येतो, स्पीती अजून दोन दिवस लांब असताना. ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे. ब्रेकवर सतत पाय ठेवू नये. वेग वाढला की एकदा ठाम दाबावा आणि पूर्ण सोडावा. ऑटोमॅटिक असेल तर डी सोडून एल किंवा मॅन्युअलवर घ्यावी. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये, त्यातही इंजिन बंद करून उतरवणारे अजून भेटतात. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार वेळा दाबल्यावर संपते आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते.

ब्रेक दोन तऱ्हांनी जातात आणि फरक पायाला कळतो. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड किंवा लायनर तापले आहेत. पेडल मऊ पडून खाली जाते, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झाली आहे. हे ऑइल हवेतली ओल शोषते. नवे डॉट ४ दर्जाचे ऑइल कमीत कमी २३० अंशांना उकळते, ओल धरलेले १५५ पर्यंत उतरू शकते. म्हणून दोन वर्षांपेक्षा जुने ऑइल निघण्याआधी बदलून घ्यावे, नुसते वर भरून भागत नाही. ब्रेक तापले तर रुंद जागा बघून थांबावे, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत, हँडब्रेक ओढू नये आणि अर्धा तास जाऊ द्यावा. लाल झालेल्या डिस्कवर पाणी ओतले की ती वाकते.

हवेचा घोळ मात्र जवळजवळ सगळेच करतात. इंदूरला २५ अंशांत ३३ पौंड हवा भरली. काझ्यात बाहेरचा दाब कमी, त्यामुळे गेजवर चार-साडेचार पौंड वाढतात. रतलामी शेवेचे पाकीट तिथे फुगते, तसेच हे. पण पहाटे तापमान दोन-तीन अंशांवर असते, त्याने सव्वातीन-साडेतीन पौंड कमी होतात. हिशेब जवळपास जुळतो. दुपारी उन्हात गाडी पळाल्यावर गेज ३८ किंवा त्याहून वर दाखवते, लोक घाबरतात आणि पाच पौंड सोडून देतात. त्याच टायरवर पुढे कुंझूमपलीकडच्या बटालचे दगड येतात आणि टायरची कड कापली जाते. कडेचे पंक्चर निघत नाही, ते टायर गेले. हवा फक्त सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासावी. स्टेपनी बारीक असेल तर पूर्ण मापाचे एक टायर बरोबर न्यावे. जॅकखाली ठेवायला फूटभर फळी लागते, नाहीतर तो खडीत रुततो.

टर्बो नसलेले इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावते. कुंझूमवर चार माणसे आणि कॅरिअरवर सामान असलेली छोटी पेट्रोल गाडी पहिल्या गिअरलाही कुरकुरते. अशा वेळी हाफ क्लचवर खेचू नये, दोघांनी उतरून वळण चालत चढावे. कॅरिअर मुळात नकोच. किन्नौरमधल्या पोवारीच्या पंपापासून काझा साधारण दोनशे किलोमीटर आणि काझ्याहून मनाली पुन्हा तेवढेच. मध्ये भरवशाचा पंप धरू नये. काझ्यात टाकी गळ्यापर्यंत भरावी, कारण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅव्हरेज पार कोसळते. रेडिएटरमध्ये नुसते पाणी असेल तर कूलंट घालून घ्यावे. सप्टेंबरअखेर चंद्रतालला रात्री ते गोठू शकते.

कुंझूम उतरल्यावर मनालीच्या वाटेवर बटाल ते ग्रामफू जेमतेम पन्नास किलोमीटर, पण चार-पाच तास धरावेत. इथले नाले बर्फाच्या पाण्याचे. दुपारी ऊन चढले की पाणी वाढते, म्हणून कुंझूमअलीकडच्या लोसरहून किंवा चंद्रतालहून उजाडताच निघावे. पुढची गाडी कुठून जाते ते बघावे. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर छोट्या गाडीने थांबावे. पहिला गिअर, एकसारखा अ‍ॅक्सिलरेटर. मध्ये क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेलेले असेल तर रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढावी. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलके दाबत थोडे अंतर जावे, म्हणजे ते सुकतात. अरुंद जागी समोरून चढणारी गाडी आली तर उतरणाऱ्याने मागे घ्यायचे, कायदाही हेच सांगतो.

लेखात जुलै-ऑगस्टही सुचवला आहे, तो कृपया काढावा. ऑगस्ट २०२१ मध्ये किन्नौरमधल्या निगुलसरीला दरड कोसळून बस गाडली गेली. जुलै २०२३ मध्ये चंद्रतालला शेकडो पर्यटक बर्फात अडकले. पाऊस ओसरल्यानंतरचे चार-पाच आठवडे सर्वांत चांगले, आणि ऑक्टोबरात कुंझूम कधी बंद होईल याची चौकशी काझ्यात करून मगच पुढे जावे. खिंड बंद असेल तर आल्या वाटेने किन्नौरमार्गे परतता येते. मनालीकडून निघालेल्याला खिंड बंद मिळाली तर मागे फिरून शिमल्याकडून यावे लागते आणि तोवर सुटी संपलेली असते.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापणार असाल तर मुक्कामांच्या तक्त्यात किलोमीटरच्या आधी प्रत्येक ठिकाणाची उंची द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर