आमच्या नागपूरचं शून्य कुठे गेलं?

प्रति,
मा. केंद्रीय दूरसंचार मंत्री,
नवी दिल्ली

महोदय, स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात माझे मोठे भाऊ नागपूरच्या एका रुग्णालयात होते. तिथून आलेला फोन वहिनींनी तीनदा कापला. स्क्रीनवर +91 आणि पुढे 7122 ने सुरू होणारे दहा आकडे. सातने सुरू होणारा अनोळखी नंबर, म्हणजे कुणाचा तरी मोबाइल. आणि 'डिजिटल अरेस्ट'च्या फसवणुकीच्या बातम्या वाचल्यापासून घरात असे फोन कुणी उचलत नाही. चौथ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी मला आकडे वाचून दाखवले. मी ओरडलोच, "अहो वहिनी, 0712! नागपूरची लँडलाइन आहे ती, उचला!"

सगळा घोळ त्या गळालेल्या शून्याचा. नागपूर 0712, अमरावती 0721, अकोला 0724, आमचं वर्धा 07152. अख्ख्या विदर्भाचे एसटीडी कोड 07 ने सुरू होतात. शून्य गेलं की उरतो 7, आणि मोबाइल नंबर सुरू होतात 6, 7, 8, 9 ने. गोव्याच्या 0832 चं तेच. आकडे मोजावेत तरी उपयोग नाही, कारण कोड धरून लँडलाइनही दहाच आकड्यांची: नागपूरला तीन अधिक सात, वर्ध्याला चार अधिक सहा. पुण्याचा 020, मुंबईचा 022 लगेच ओळखू येतो, 2 ने मोबाइल सुरूच होत नाही. दिल्लीचा तर 011. म्हणूनच की काय, हे दुखणं तुमच्यापर्यंत पोहोचलं नसावं.

यंत्रणेचा गोंधळ होत नाही, हे मला ठाऊक आहे. 712 च्या पुढचा आकडा पाहून कॉल कुठे न्यायचा ते तिला कळतं. मग जे तिला कळतं ते आमच्या स्क्रीनवर का उमटू नये?

त्यात 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावायचा नियम आला. नवे नंबर मोकळे व्हावेत म्हणून तो केला, त्याबद्दल तक्रार नाही. पण पूर्वी शून्य दिसलं की 'बाहेरगाव' समजायचं, ती खूणही गेली. आता 'ट्राय'ने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, फेब्रुवारी 2025 मध्ये शिफारस केली आहे की लँडलाइनचे नंबर गावागावाच्या कोडऐवजी संपूर्ण सर्कलच्या, म्हणजे मोठ्या दूरसंचार विभागाच्या, हिशेबाने द्यावेत. महाराष्ट्र सर्कलमध्ये मुंबई परिसर वगळून सगळं राज्य आणि गोवाही येतो. म्हणजे पुढे नव्या नंबरावरून गाव कळायचंही राहील.

जाहिरातवाल्यांना तुम्ही 140 दिलात, बँकांना 1600. पहिल्या आकड्यांवरून फोन कुणाचा ते कळावं, हे तत्त्व तुम्हाला मान्यच आहे. मग रुग्णालय, तहसील कचेरी, शाळा यांच्या साध्या लँडलाइनलाही ते लावा. नवी क्रमांक योजना ठरवताना लँडलाइनसाठी मोबाइलशी न जुळणारा पहिला आकडा राखून ठेवा. आणि तोवर मोबाइल कंपन्यांना एवढंच सांगा: लँडलाइनवरून फोन आला तर +91 मागे न दडवता शून्यासकट दाखवा.

वहिनींनी सध्या फ्रिजवर चिठ्ठी चिकटवली आहे: '7122 आला तर उचलणे.'

आपला,
वर्ध्याचा एक जुना लँडलाइनधारक